पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी डिशला सिग्नल नाही? छत्री फिरवायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानपाड्याला घोडबंदर रोडच्या बाजूला सात मजली सोसायटी, गच्चीवर डीडी फ्री डिशची ६० सेंटीमीटरची छत्री, चार वर्षं काही तक्रार नाही. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी धो धो पाऊस झाला, चित्र गेलं आणि आता दोन दिवस कोरडे गेले तरी आलेलं नाही. सेटटॉप बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंथ ७० च्या आसपास दाखवतंय, क्वालिटी कधी ० कधी १२. मे महिन्यात सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातलीये, तुमचा संशय तिच्यावरच. एक मेकॅनिक बघून गेला, म्हणाला एलएनबी (छत्रीच्या पुढच्या दांड्यावरची डबी, जी उपग्रहाचा सिग्नल पकडून वायरमधून खाली पाठवते) जळली, छत्री पण गंजलीये, दोन्ही बदला, १८०० रुपये. मेहुणे म्हणतात कशाला, छत्री जराशी फिरवली की येईल. आणि वडिलांना सह्याद्रीच्या बातम्या लागतात, त्यामुळे घरात शांतता नाही.

पहिलं म्हणजे मेहुण्यांना गच्चीवर जाऊ देऊ नका. राग मानू नये, पण गेली बावीस वर्षं मी ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यात छत्र्या बसवतोय आणि माझा निम्मा धंदा मेहुण्यांनी फिरवलेल्या छत्र्यांवर चाललाय. बिघाड असतो वायरच्या टोकाच्या दहा रुपयांच्या कनेक्टरमध्ये, लोक छत्री फिरवतात, मग एकाचे दोन बिघाड होतात आणि आम्हालाही कळत नाही मूळ काय होतं. हिशोब सांगतो. छत्री ज्या पाईपवर बसते तो साधारण दीड इंची. त्या पाईपच्या घेरावर एक डिग्री म्हणजे किती, तर अर्धा मिलिमीटर पण नाही, एक तृतीयांश धरा. आणि ६० च्या छत्रीला दोन डिग्री इकडेतिकडे झालं की चित्र संपलं. म्हणजे मिलिमीटरभर सरकलं तरी खेळ खलास, आणि आपण काय करतो, दोन्ही हातांनी धरून हॅंडल मारल्यासारखं फिरवतो. त्यात आजूबाजूला दीड-दोन डिग्रीवर दुसरे उपग्रह बसलेत, चुकून त्यातला एखादा पकडला तर क्वालिटी दिसूही शकते पण आपलं एकही चॅनल येत नाही, मग माणूस बॉक्सवर संशय घेतो.

आता मेकॅनिकचं बोलणं. एलएनबी जळली म्हणतो तर स्ट्रेंथ ७० कुठून आली हे त्याला विचारायला हवं होतं. स्ट्रेंथ आणि क्वालिटी हे दोन आकडे लोक एकच समजतात, तसं नाहीये. स्ट्रेंथ म्हणजे वायरमधून बॉक्सपर्यंत काहीतरी येतंय, मग तो नुसता आवाज का असेना. छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवलीत तरी एलएनबीला करंट मिळत असेल तर स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसते. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटात बॉक्सला आपल्या उपग्रहाचं बोलणं समजतंय का. त्यामुळे स्ट्रेंथ आहे क्वालिटी नाही याचा अर्थ करंट वर जातोय, एलएनबी काहीतरी खाली पाठवतेय, पण उपग्रहाचा सिग्नल तिच्यापर्यंत नीट पोचत नाहीये किंवा तिच्यातून नीट बाहेर येत नाहीये. एलएनबी खराब असू शकते, ते मी नाकारत नाही, पण जळलेली नाही. आणि असली तरी ती दोन-तीनशेची वस्तू आहे, १८०० कसले.

पण तुमचा ७० हा आकडा खरा ७० आहे का ते आधी बघा, कारण प्रत्येक बॉक्सचं शून्य वेगळं असतं. बॉक्स बंद करा, मागची छत्रीची वायर काढा, वायर न लावता परत चालू करून मेनूत स्ट्रेंथ बघा. काही बॉक्स काहीही न जोडता ४५-५० दाखवतात, मी एक तर ६५ दाखवणारा पाहिलाय. वायर काढूनही ६८-७० दाखवत असेल तर तुमच्याकडे वरून काहीच येत नाहीये, म्हणजे वायर तुटलीये, कनेक्टर गेलाय नाहीतर खरंच एलएनबी मेलीये. वायर काढल्यावर २०-३० वर आलं तर मी वर म्हटलं तसं. ही टेस्ट एक मिनिटाची आहे, फुकट आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. वायर काढताना-लावताना बॉक्स बंदच हवा, कारण त्याच वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात, तिची मधली तार भोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होऊन बॉक्सचा तो भाग उडू शकतो.

अजून एक गोष्ट, हसू नका, दर महिन्याला एकदा तरी यासाठी मला बोलावतात. पडद्यावर जे नो सिग्नल येतंय ते टीव्हीचं आहे की बॉक्सचं? टीव्हीचं असेल तर ती पाटी पडद्यावर इकडून तिकडे फिरत असते आणि रिमोटने बॉक्सचा मेनू उघडतच नाही. तो एचडीएमआयचा नाहीतर सोर्स बदलल्याचा घोळ, गच्चीचा संबंधच नाही. तुमचा मेनू उघडतोय म्हणजे तुम्ही त्यातून सुटलात.

पाऊस असताना चित्र जाणं यात बिघाड काही नाही. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, ३६ हजार किलोमीटरवरून, केयू बँडमध्ये, म्हणजे फार उंच फ्रिक्वेन्सीवर, आणि या बँडला जाड थेंबांचा पाऊस सहन होत नाही. आपल्याकडे सर आली की दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं, सर ओसरली की येतं. पूर्वी वरळीच्या टॉवरकडे तोंड केलेले माशाच्या काट्यासारखे अँटेना होते तेव्हा सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, मुंग्यांतून का होईना बातम्या दिसायच्या. डिजिटलमध्ये तसं नाही. आधी चौकोन चौकोन, आवाज तुटक, आणि मग एकदम काळं. म्हणून लोकांना वाटतं अचानक गेलं. अचानक काही जात नाही, क्वालिटी महिनोन्महिने ७५ वरून ६०, ५० अशी उतरत असते आणि चित्र मात्र फर्स्टक्लास दिसत राहतं, मग एका सरीला ती काठावरून खाली पडते. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी आलं नाही तर समजायचं की पाणी आकाशातून उतरून आपल्या सामानात शिरलंय. तुमचं दोन दिवस झाले.

पाणी शिरायच्या जागा दोनच. एक एलएनबीचं तोंड. छत्रीकडे बघणारी ती प्लास्टिकची गोल टोपी, ती उन्हाने चार-पाच वर्षांत पांढरी पडून पापडासारखी होते, तडा जातो, कधी कावळा चोच मारतो. आत पाणी साचलं की एलएनबी आंधळी, पण करंट घेतेय, म्हणजे स्ट्रेंथ दिसणार, क्वालिटी शून्य. तुमच्या लक्षणांत हे चपखल बसतं, माझा पहिला संशय इथेच आहे. बोटाने हलकंच दाबून बघा, चरचरलं किंवा आत ओल दिसली तर एलएनबी बदलायची, सुकवून चालते पण पुढच्या पावसापर्यंतच.

दुसरी जागा एलएनबीच्या खालचा कनेक्टर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. बॉक्स बंद करून वर जायचं, ११ नंबरचा पाना घ्यायचा, धारदार सुरी, थोडी वायर आणि दोन नवे कनेक्टर. जुनी टेप सोडवली की बहुतेक वेळा आतून पाण्याचा थेंब ओघळतो. आपली नेहमीची काळी टेप पाणी अडवत नाही, उलट आत गेलेलं धरून ठेवते. कनेक्टर उघडला की मधली तार बघा. तांब्याचा रंग असेल तर ठीक, काळी किंवा हिरवट भुकटी लागलेली असेल तर तिथेच सगळं अडलंय. वाशी, ऐरोली, खाडीच्या बाजूला तर दोन पावसाळ्यात तार खाल्लेली दिसते, वरचं तांबं जाऊन आतलं लोखंड गंजतं. आणि लोक काय करतात, ती तार सुरीने खरवडून परत घालतात. नका करू. तांब्याचा पातळ मुलामाच तर कामाचा असतो, तो खरवडलात तर राहिलं काय?

वायर सरळ फूटभर मागे कापा. कापलेल्या तोंडाशी जाळी चकचकीत दिसतेय का बघा, काळपट असेल तर अजून फूटभर कापा, कारण पाणी त्या जाळीतून दिव्यातल्या वातीसारखं सरकत जातं, मी सातव्या मजल्यावरून शिरलेलं पाणी तिसऱ्या मजल्यावर बॉक्समध्ये टपकताना पाहिलंय. मग बाहेरचं आवरण सोलायचं, जाळी मागे उलटायची, पांढरा फोम कापायचा, आणि कनेक्टर फिरवून घट्ट बसवल्यावर मधली तार कनेक्टरच्या तोंडाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे आली पाहिजे. कमी असेल तर टेकत नाही, जास्त असेल तर आतली पिन वाकवते. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट, म्हणून लावायच्या आधी उजेडात धरून एकदा बघा. आरजी-६ म्हणजे डिशची जाड वायर घ्या, केबलवाल्याकडची उरलेली बारीक वायर जोडू नका, आणि मध्ये पीळ मारून जोड तर अजिबात नको.

वर टेप लावायची ती रबरासारखी ताणून स्वतःलाच चिकटणारी मिळते, इलेक्ट्रिकच्या दुकानात असते, थोडी महाग आहे पण लावाच. खालून वर गुंडाळत जायचं, म्हणजे कौलं लावतात तसा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक पदर पाण्याला तोंड उघडून बसतो. आणि वायर एलएनबीपासून सरळ खाली न आणता एक छोटा झोळ द्या, पाणी झोळाच्या खालच्या टोकाला जमून टपकेल, कनेक्टरकडे जाणार नाही.

आता शेडबद्दल. तुम्ही सगळा दोष पत्र्यावर टाकलाय पण शेड मे मध्ये घातली आणि टीव्ही जूनअखेरपर्यंत चालला, म्हणजे पत्रा छत्रीच्या नजरेआड येत नाहीये. पत्रा आडवा आला असता तर घातल्या दिवशीच चित्र गेलं असतं, पत्र्यातून काही पार होत नाही. पण एक बघा, पत्र्याच्या पागोळ्या नेमक्या कुठे पडतायत? माझा अंदाज आहे की त्या तुमच्या एलएनबीवर किंवा छत्रीच्या दांड्यावर पडतायत. चार वर्षं जो कनेक्टर थेंबाथेंबाने भिजत होता तो आता नळाखाली धरल्यासारखा भिजतोय. तसं असेल तर छत्री हलवू नका, सोसायटीला पन्हळ लावायला सांगा किंवा त्या जागी पत्र्याच्या कडेला वाकवलेली पट्टी लावून घ्या.

आडवं कोण येतं कोण नाही याचा हिशोब ठाण्यात सोपा आहे. आपल्याकडून जीसॅट-१५ आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर १३१ च्या आसपास, आणि जमिनीपासून ५७-५८ डिग्री वर. म्हणजे बऱ्यापैकी डोक्यावर. छत्रीकडे बघून वाटतं की ती समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय, तसं नाहीये, या छत्र्या ऑफसेट असतात, दिसतात त्यापेक्षा वीसेक डिग्री वर बघत असतात. हिशोब असा की छत्रीपासून दहा फुटांवरची वस्तू छत्रीपेक्षा पंधरा फुटांहून उंच असेल तरच आडवी येणार, शंभर फुटांवरची असेल तर दीडशेहून उंच. घोडबंदर रोडला आता चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उठतायत, त्यामुळे हे होतंही, हळूहळू मजले चढतात आणि एका महिन्यात टीव्ही जातो. तसं असेल तर छत्री दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला लागते, दुसरा इलाज नाही. खिडकीच्या ग्रिलला छत्री असेल त्यांना वरच्या मजल्याचा त्रास जास्त, वरच्याने एसीचं आउटडोअर नाहीतर नवा वेदर शेड लावला की संपलं, कारण सिग्नल वरूनच येतोय. मोबाईलचं होकायंत्र वापरा पण ग्रिल, पत्रा, टाकीचा लोखंडी स्टँड यांच्यापासून लांब उभे राहून, नाहीतर ते काहीही दाखवतं.

आणि चित्र कधी जातं ती वेळ लिहून ठेवा. विटाव्याला एका आजींकडे दर रविवारी दहा ते एक टीव्ही बंद, बाकी आठवडा व्यवस्थित. तीन जण बघून गेले, एलएनबी दोनदा बदलली. मी रविवारीच गेलो, गच्चीचं दार उघडलं तर समोर दोरीवर एक भली मोठी गोधडी, ओली, पाणी गळतंय, बरोबर छत्रीच्या तोंडापुढे. शेजारच्या वहिनींचा रविवारचा धुण्याचा कार्यक्रम. सुकं कापड फारसं अडवत नाही पण ओली गोधडी म्हणजे भिंतच. एक वाजेपर्यंत ती सुकत यायची आणि टीव्ही चालू व्हायचा. दोरी चार फूट सरकवली, चहा घेतला, पैसे घ्यायला लाज वाटली म्हणून व्हिजिट पण घेतली नाही. तसंच भर दुपारी उन्हात जातं आणि संध्याकाळी येतं असं असेल तर एलएनबी म्हातारी झालीये, तापली की तिची फ्रिक्वेन्सी सरकते. वाऱ्याने येतंजातं तर नट ढिला, नाहीतर दांड्यावर कबुतर बसतंय. फक्त काही ठराविक चॅनल गेलेत आणि नुकताच गच्चीवर मोबाईल टॉवर बसलाय, तर परत कनेक्टरच बघा, कारण छत्रीच्या वायरमधून सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर खाली येतो आणि मोबाईलचा १८०० चा बँड त्यातच येतो, ढिल्या कनेक्टरमधून तो आत घुसतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या पुढेमागे चार-पाच दिवस पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर काहीही करू नका. त्या दिवसांत सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. मी तर त्याचा उपयोग करून घेतो, नवीन जागा ठरवायची असेल तर त्या दिवशी त्या वेळी तिथे ऊन पडलंय का बघायचं, ऊन पडलं म्हणजे उपग्रह दिसतोय, कुठलंही यंत्र नको. आणि १ एप्रिलच्या सुमारास दोन-चार आवडीचे चॅनल गायब झाले तर तो पण बिघाड नाही, चॅनलांचे स्लॉट वर्षाच्या लिलावाने दिले जातात, बॉक्स परत स्कॅन करा, मिळाले तर मिळाले. जुना एमपेग-२ चा बॉक्स असेल तर एमपेग-४ वाले, म्हणजे चित्र नव्या पद्धतीने दाबून पाठवणारे चॅनल त्यात कितीही स्कॅन केलं तरी येणार नाहीत.

मेकॅनिक छत्री गंजलीये म्हणाला ते मात्र अगदीच खोटं नसेल. पण कडेला आलेल्या गंजाने काही फरक पडत नाही, रंग उडाला, ठिपके आले, चालतं. छत्रीचा आकार बदलला असेल, पोचा आला असेल किंवा पायाचे नटबोल्ट खाऊन ती हाताने डुगडुगत असेल तरच बदला. बोटाने हलकेच हलवून बघा, डुगडुगली तर आधी पांढऱ्या मार्करने पाईपवर आणि क्लॅम्पवर मिळून एक आडवी रेघ मारा, एलएनबी तिच्या कड्यात किती वळवलेली आहे त्याचीही रेघ मारा आणि मग नट आवळा. एलएनबी कड्यात फिरली तरी क्वालिटी जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रेघ असली की काही चुकलं तर परत होतं तिथे आणता येतं.

एवढं करूनही क्वालिटी ३०-४० च्या वर येत नसेल तर मग छत्री फिरवायची पाळी येते, आणि त्यासाठी खाली टीव्हीसमोर एक माणूस आणि व्हिडिओ कॉल हवा. बॉक्सचा आकडा दोन-तीन सेकंद उशिरा बदलतो, म्हणून केसभर हलवायचं, तीनपर्यंत मोजायचं, खालून आकडा ऐकायचा, मग पुढे. घाई करणारा माणूस दर वेळी नेमका सिग्नलवरून पुढे निघून जातो. पावसात, वीज चमकत असताना वर जायचं नाही आणि कठड्याबाहेर वाकायचं तर मुळीच नाही, दोन दिवस बातम्या मोबाईलवर बघता येतात.

तुम्ही आज वायर काढून स्ट्रेंथ किती येते तेवढं सांगा, आणि एलएनबीच्या टोपीचा जवळून एक फोटो काढा. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून शनिवारीच मागून ठेवा, रविवारी सकाळी कोणी फोन उचलत नाही.